पिवळा टॅग आणि सहावा प्रश्न

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मशीनखाली गेली, तेव्हा मी चौथीत होते. बोटं गेली त्याच दिवशी, दवाखान्यातच, कंपनीच्या माणसाने एक कागद पुढे केला. आण्णांनी विचारलं, "काय लिवलंय सायेब?" तो म्हणाला, "तुमच्या औषधपाण्याची सोय." आण्णांनी डाव्या हाताने जमेल तशी सही केली. कोणत्याही कारणाने, आत्ता किंवा यापुढे, कसलाही हक्क सांगणार नाही, असं त्या कागदावर होतं. हे आम्हाला दोन वर्षांनी एका वकिलाने वाचून दाखवलं तेव्हा कळलं. तोवर आई घरी रबरी वॉशरच्या कडा कापायचं काम आणायला लागली होती. शाळेतून आलं की मी आणि धाकटा भाऊ ब्लेड घेऊन पोत्याभोवती बसायचो. भाकरीलाही रबराचा वास यायचा. त्या दिवसापासून आमच्या घरात कागदाची भीती बसली. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही आण्णा म्हणायचे, "आधी वाचून दाखव." मी घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते. पण शिकले ती त्या एका कागदाच्या धास्तीने, हे फार थोड्यांना सांगितलं. भालेराव काका त्यांतले एक.

काका गेल्याचा फोन दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी सकाळी आला. मी चिंचवडच्या आमच्या केबल चॅनलच्या ऑफिसात, टेपांच्या खोलीत, एक जुनी टेप मशीनला लावून ती संगणकावर उतरवत होते. फोन त्यांच्या सुनेचा. "ताई, पप्पा गेले... पहाटे." मी हं म्हणाले. टेप चालू होती आणि चालू टेप मध्येच थांबवायची नाही, फीत ओढली जाते, हे मला काकांनीच पहिल्या आठवड्यात बजावलं होतं. म्हणून मी उभी राहिले. पडद्यावर कुठल्याशा जत्रेतली कुस्ती चालली होती, लोक शिट्ट्या मारत होते. टेप संपली, मी ती डबीत ठेवली, कार्डावर वेळ लिहिली आणि मग निगडीला गेले. तिथे पोचल्यावर काकूंनी विचारलं, "उशीर झाला गं?" मी खरं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग बरोबर आहे. मधेच आली असतीस तर त्यांना आवडलं नसतं."

दशरथ भालेराव चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तेवीस वर्षं इन्स्पेक्टर होते. पार्ट हातात घ्यायचा, मापायचा, टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पुढे जाऊ दे, लाल म्हणजे भंगार, पिवळा म्हणजे थांब, अजून ठरलेलं नाही. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ओळखीने आमच्या केबल चॅनलच्या टेपांच्या खोलीत आले. चॅनल छोटं. भजनं, भीमगीतं, जत्रा, कुस्त्या, पाककृती, नगरसेवकांचे सत्कार. मी तिथे लागले तेव्हा त्या खोलीत छतापर्यंत टेपा होत्या आणि प्रत्येक टेपेला दोऱ्याने टॅग बांधलेला होता. कॅमेरावाले त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणून चिडवायचे. मालक सतीशभाऊ वैतागून म्हणायचे, "भालेराव, इथे बेअरिंग बनत नाहीत हो." काका म्हणायचे, "म्हणून तर जास्त जपायला लागतं भाऊ. बेअरिंग दुसरं बनवता येतं."

मला ते 'कॉमर्स' म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी एक टेप माझ्या हातात दिली.

"ही कुणाची, कॉमर्स?"

"चॅनलची."

"डबी चॅनलची. आतलं गाणं लिहिणाऱ्याचं. आवाज गाणाऱ्याचा. पेटी वाजवणाऱ्याचा हात त्याचा. आपल्याकडे काय आहे?"

मी डबी उलटून लेबल पाहिलं.

"आपल्याकडे त्यांनी दिलेला कागद आहे. कागदात जेवढं, तेवढंच आपलं."

हक्कांचं व्यवस्थापन हा शब्द मी नंतर परिसंवादांत ऐकला, मोठ्या मोठ्या लोकांकडून. पण एवढ्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नाही. कुणी कागदावर 'केबलवर दाखवायला हरकत नाही' लिहिलं असेल तर त्यात मोबाइल येत नाही. कुणी दिवाळीपुरती परवानगी दिली असेल तर ती दिवाळीबरोबर संपली. प्रत्येक टेपेचं एक कार्ड, कार्डावर हे सगळं, आणि कार्ड अपुरं किंवा परवानगी मोजकी असेल तर डबीला पिवळा टॅग. पिवळा टॅग कापायचा हक्क फक्त खोलीत काम करणाऱ्याला. सतीशभाऊंनाही नाही. हे काकांनी त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, हसत हसत, पण लिहून.

आता सरूबाईंबद्दल. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि आणखी दोन गोष्टी त्यांच्या सांगण्यावरून मी बदलल्या आहेत. सरूबाई चाकणच्या बाजारात कांदा निवडायच्या. निवडता निवडता गायच्या. आवाज असा की ट्रकवाले हॉर्न वाजवायचे थांबायचे. मी लागायच्या आधी चॅनलने त्यांचा कार्यक्रम केला होता. गाणी झाली आणि मग निवेदिकेने सहज घरचं विचारलं. सरूबाई बोलल्या. मनात साचलेलं, सगळं. त्यात एक गोष्ट अशी होती, की मुलीच्या सासरी ती कळली असती तर मुलीचं तिथे नांदणं अवघड झालं असतं. ती गोष्ट काय, हे मी इथे लिहिणार नाही. तेवढी परवानगी माझ्याकडे नाही. तेव्हा मुलगी लहान होती. सरूबाईंनी काकांना सांगितलं होतं, "एकदा दावा. मला माजा आवाज टीव्हीत ऐकायचाय. पुन्यांदा नको. पोरगी लग्नाची व्हईल." काकांनी एकदा दाखवला, टेपेला पिवळा टॅग बांधला, कार्डात एक चिठ्ठी ठेवली आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

केबल ओस पडत चाललं. लोक मोबाइलवर गेले. पगार लांबायला लागले. अशात मुंबईच्या एका ॲप कंपनीने आमच्या जुन्या संग्रहाचे डिजिटल हक्क मागितले. सतीशभाऊ वाईट माणूस नाही. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे दिले आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले, ते मी पाहिलं. पण ॲपवाल्यांना यादी ठरलेल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हवी होती, आणि यादीखाली हक्क सांभाळणाऱ्या माणसाच्या सहीचं हमीपत्र. काकांचं तेव्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. हक्कांचं पद माझ्या नावावर आलं होतं, इंग्रजीत, दारावर पाटीसकट. त्या शुक्रवारी काका दवाखान्यात होते.

दुपारी सतीशभाऊ दर पंधरा मिनिटांनी दारात. "झालं का गं? ती बाजारातली बाई पाहिजेच बरं का त्यांना. तिच्या गाण्याची जुनी क्लिप कुठेतरी फिरतेय, तिच्यावरच त्यांचा डोळा आहे." मी सरूबाईंची टेप काढली. पिवळा टॅग. कार्ड उघडलं. आत चिठ्ठी, काकांच्या ठसठशीत अक्षरात: 'डेव्हिएशन. दाखवण्यास परवानगी. द. भालेराव.' खाली सरूबाईंचा अंगठा.

चाकणच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कुणालाही विचारा. डेव्हिएशन म्हणजे एका लॉटपुरती सूट. माल मापात बसत नाही, पण गिऱ्हाइकाने या खेपेपुरतं चालेल म्हटलंय. खेप गेली की चिठ्ठी मेली. मी शॉप फ्लोअर पाहिलेला नव्हता. मी कॉमर्स. मी वाचलं 'परवानगी', वाचला अंगठा, वाचली काकांची सही. कात्री घेतली आणि टॅग कापला. पाचला दहा मिनिटं कमी असताना हमीपत्रावर सही केली. चार पानी इंग्रजी. पहिली तीन वाचली. चौथं सतीशभाऊंनीच उलटलं, बोटाने जागा दाखवली.

सोमवारी सकाळी काका आले. दम लागलेला, हाताला पट्टी. माझ्या टेबलावर तो कापलेला टॅग तसाच पडला होता, दोऱ्यासकट. त्यांनी तो उचलला, नंबर वाचला.

"हा कुणी कापला?"

"मी. परवानगी होती ना काका, आत चिठ्ठी..."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "गेला का?"

मी ॲप उघडून दाखवलं. शुक्रवारी रात्रीच चढवला होता. सोमवार म्हणजे चौथा दिवस. खाली बघणाऱ्यांचा आकडा माझ्यासमोर वाढत होता. सरूबाई पडद्यावर कांद्याच्या ढिगापुढे बसलेल्या, आणि बोलत होत्या. काकांनी हात पुढे करून आवाज बंद केला. त्यांनी मला सगळं सांगितलं, मुलीचं लग्न कुठे झालंय तेही. तिच्या सासरच्या घरात चार मोबाइल असतील तर चारांपैकी एकावर हे दिसायला किती वेळ? मी ॲपवाल्यांना मेल टाकला, तक्रारीच्या रकान्यात. उत्तर यंत्राचं आलं: सात कामकाजाच्या दिवसांत कळवू.

"तक्रार नको," काका म्हणाले. "हमीपत्र मागे घे. सही करणाऱ्यानेच सही मागे घेतली तर ते तासभरही ठेवणार नाहीत. त्यांचे वकील ठेवू देणार नाहीत."

मी ते चौथं पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं. सर्व हक्क, सर्व माध्यमं, आज असलेली आणि यापुढे निघणारी, कायमस्वरूपी. आत्ता आणि यापुढे... मला दवाखान्यातली ती खाट दिसली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि शेवटचं पान मीच वाचलेलं नव्हतं.

सतीशभाऊंना कळलं तसे ते धावत आले. "वेडी झालीस का? हमी चुकीची होती असं लिहून देणार? अख्खा करार जाईल. बारा माणसांची चूल आहे इथे. एक बाई, कांदे निवडणारी, ती काय कोर्टात जाणारे?" मी मेल लिहायला घेतला. ते शांतपणे म्हणाले, आणि तेच जास्त लागलं, "मेल गेला तर उद्यापासून येऊ नकोस, सुनीता. मला दुसरा इलाज नाही." आण्णा तेव्हा पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत गेटवर उभे राहत होते, गुडघे गेलेले असताना. भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. हे सगळं सतीशभाऊंना माहीत होतं.

काका म्हणाले, "भाऊ, अर्धा तास द्या. मेल आधी कारण लिहिल्याशिवाय जात नसतो." सतीशभाऊ दार आपटून गेले. काकांनी एक कोरा कागद घेतला. कारखान्यात बिघाड झाला की ते पाच वेळा 'का' विचारायचे, प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का'. ते मला माहीत होतं. मला वाटलं, आता माझी पंचाईत.

"सरूबाईंचा कार्यक्रम ॲपवर का गेला?"

"मी यादीत हिरवा दाखवला म्हणून."

"हिरवा का दाखवला?"

"टॅग कापला होता म्हणून."

"का कापला?"

"चिठ्ठीत परवानगी दिसली म्हणून."

"ती एका वेळेची होती, हे का कळलं नाही?"

"कारण... तसं चिठ्ठीत नव्हतं, काका."

त्यांचं पेन थांबलं. खिडकीबाहेर कंपनीची बस उभी होती, कुणीतरी नाव घेऊन हाका मारत होतं. पाचवा प्रश्न त्यांनी स्वतःच मोठ्याने वाचला. "चिठ्ठीत का नव्हतं?" आणि माझ्याकडे न बघता उत्तर लिहिलं: 'कारण भालेराव यांनी गृहीत धरलं, की वाचणाऱ्याला डेव्हिएशनचा अर्थ माहीत असेल. मूळ चूक भालेराव यांची.' खाली सही, तारीख.

"काका, हे नका लावू. मी कापलाय."

"तू कापलास ते तिसऱ्या ओळीत आहे. मी खोडलेलं नाही. पण कारण पाचव्या ओळीत असतं. तेवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पाचव्या ओळी काढल्या. आज माझी निघाली, तर काय कागद फाडू?"

त्या कागदाचा फोटो जोडून मी मेल पाठवला. 'मी दिलेली हमी चुकीची होती. ती मागे घेत आहे.' दीड तासाने कार्यक्रम ॲपवरून गेला. त्या दीड तासात मी दर मिनिटाला पान ताजं करत होते. काका टॅगचा दोरा बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाकणला गेलो. मी म्हणाले होते, आता काढलंय ना, त्यांना कशाला सांगायचं, उगाच जिवाला घोर. काका म्हणाले, "माल परत मागवला तर गिऱ्हाइकाला कळवायला लागतं." बाजारात पोत्यांच्या थप्प्या, पायाखाली कांद्याची सालं, ट्रक मागे घेताना ओरडणारे हमाल. सरूबाई बायकांच्या ओळीत बसल्या होत्या. काकांना त्यांनी लगेच ओळखलं. "भालेराव सायब, किती वाळलात वो." मग काकांनी सांगितलं. त्यांचे निवडणारे हात थांबले.

"किती दिस व्हतं?"

"चार."

"समदं? बोल्ले तेबी?"

"हो."

बाजूच्या बायका बघायला लागल्या. सरूबाई उठून आम्हाला थप्पीच्या मागे घेऊन गेल्या. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर भरवसा ठिवला व्हता मी."

काकांनी तो पाच ओळींचा कागद काढला. "चूक माझी आहे. लिहून दिलंय. वाचून दाखवू?"

"दावा."

काकांनी वाचलं. सरूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग काकांकडे बघितलं.

"म्हंजी तुमी लिवलं न्हाई, आन ह्या पोरीनं कापलं. व्हय ना? पाच डाव 'का' इचारलं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "मंग ह्याच्यात मी कुठं हाय?"

काकांनी कागद वरपासून पुन्हा वाचला. खरंच, त्या कागदात यादी होती, टॅग होता, चिठ्ठी होती, आम्ही दोघं होतो. ज्यांचा आवाज, ज्यांची मुलगी, त्या कुठेच नव्हत्या. शुक्रवारी दुपारी चिंचवडहून एक फोन लावला असता तरी पुरे होतं. तो लावावा, हे पाचपैकी एकाही प्रश्नात येत नव्हतं.

काकांनी तिथेच, पोत्यावर कागद ठेवून, सहावी ओळ लिहिली: 'जिचं आहे तिला आज विचारलं का?' आणि पुढे उत्तर: 'नाही.'

"आसं," सरूबाई म्हणाल्या. मग वेगळ्याच आवाजात, "आन गाणं कसं आलंय? आवाज बसल्यावानी तर न्हाई ना?" मी फोनवर फक्त गाण्याचा तुकडा लावून दिला. थप्पीच्या मागे उभ्या राहून त्यांनी तो डोळे मिटून ऐकला. "गाणी ठिवा," त्या म्हणाल्या. "माजं नाव लावून ठिवा. बोलणं काढा. कायमचं." मी त्यांनी सांगितलं तसाच नवा कागद लिहिला, मराठीत, आणि मोठ्याने वाचला. त्यांनी अंगठा द्यायच्या आधी मला विचारलं, "मागच्या पानावर काय न्हाई ना?" मी कागद उलटून कोरी बाजू दाखवली.

मुलीच्या सासरी कुणी ते चार दिवसांत पाहिलं का, हे मला आजही ठाऊक नाही. सरूबाई सांगत नाहीत, मी विचारत नाही. मुलगी नांदते आहे, एवढं कळतं. पण त्यांच्या नंबरावरून फोन आला की मी अजून हातातलं काम खाली ठेवून, उभी राहून तो घेते.

मला कामावरून काढलं नाही. काढलं काकांना. ॲपवाल्यांनी करार मोडला नाही, फक्त यादी पहिल्यापासून तपासून मागितली, आणि ती करायला कुणीतरी लागणार होतं. पण आठ दिवसांनी सतीशभाऊंनी आम्हाला दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं आणि तो कागद टेबलावर ठेवला. "भालेराव, तुम्हीच लिहून दिलंय. ॲपवाल्यांना मला काहीतरी दाखवावं लागेल." काका म्हणाले, "दाखवा ना. दाखवायलाच लिहिलंय." त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढून ठेवली. मी त्या केबिनमध्ये होते. मी काही बोलले नाही. त्या दिवशी मी घराचा विचार केला, आणि अजूनही मला वाटतं की तो करायलाच हवा होता. पण काका दाराशी चप्पल घालत होते, डाव्या पायातली लवकर जाईना, आणि मी जागची हलले नाही, हे मी इथे लिहिलं नाही तर या लेखाला काही अर्थ नाही.

पुढच्या गुरुवारी मी कार्डांची पिशवी घेऊन निगडीला त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "पिशवीत काय आहे, कॉमर्स? दाखव." त्यानंतर दर गुरुवारी गेले. दीड वर्ष. काकू चहा ठेवायच्या, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या पलंगावर आम्ही कार्डं पसरायचो. प्रत्येक कार्डावर तळाशी आता तो सहावा प्रश्न होता. भजनी मंडळं शोधली, ढोलकीवाल्यांची मुलं शोधली, तळेगावच्या एका पेटीमास्तरांच्या घरी चार वेळा गेले तेव्हा त्यांनी होकार दिला. कुणी नाही म्हटलं की काका खूश व्हायचे. "नाही आलं म्हणजे विचारलंस. हिरवा काय, कुणीही बांधेल."

शेवटी शेवटी त्यांचा आवाज खोल जायला लागला. मी म्हणाले, काका, ही टॅगची पद्धत तुमच्या तोंडून नोंदवून ठेवू, फोनवरच. ते म्हणाले, "आधी कार्ड भर." मी हसले. ते हसले नाहीत. मग मी खरंच कार्ड भरलं. वापर कुणासाठी? 'घरच्यांसाठी आणि खोलीत नव्याने लागणाऱ्यांसाठी.' केबल? 'नाही.' ॲप? 'नाही.' सही करण्याआधी कार्ड त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं. मग पाऊण तास बोलले. मधेच खोकला आला तर म्हणाले, "हे कापू नकोस, खोकलाही माझाच आहे."

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सतीशभाऊ आले होते. मागे, खांबाजवळ उभे होते. संपल्यावर माझ्यापाशी आले. "त्यांचं रेकॉर्डिंग आहे म्हणे तुझ्याकडे. चॅनलवर लावू या ना. श्रद्धांजली म्हणून. ॲपवालेही घेतील. माणूस मोठा होता." त्यांचा चेहरा पाहून कळत होतं, ते मनापासून म्हणत होते. कदाचित त्या किल्लीची परतफेड करायची असेल. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. हजारो लोकांनी त्यांचा आवाज ऐकावा असं कुणाला वाटणार नाही? काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांनी काय लिहिलंय ते बघ." दुसऱ्या दिवशी मी सतीशभाऊंच्या टेबलावर कार्ड ठेवलं. त्यांनी ते वाचलं. उलटलं, मागची बाजू वाचली. मग माझ्याकडे परत दिलं आणि म्हणाले, "लाव पिवळा."

हा लेख छापायला देण्याआधी मी चाकणला जाऊन सरूबाईंना वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं, तिथे बदल केला. काकूंनाही वाचून दाखवला. आण्णांना वाचून दाखवायला लागला नाही. ते गेल्या वर्षापासून माझ्याजवळ बसून अक्षरं गिरवायला लागलेत, तीन बोटांत पेन्सिल धरून. हे त्यांनी बोट ठेवून ठेवून स्वतः वाचलं, त्याला दोन दिवस लागले.

ते रेकॉर्डिंग एका छोट्या ड्राइव्हमध्ये आहे. ड्राइव्ह टेपांच्या खोलीत काकांच्या जुन्या खणात. त्याला जो टॅग आहे तो मी त्या शुक्रवारी कापलेलाच आहे, दोऱ्याला गाठ मारून पुन्हा बांधलेला. खोलीतल्या सगळ्या टेपांची कार्डं गेल्या महिन्यात पूर्ण झाली. सरूबाईंची गाणी ॲपवर त्यांच्या खऱ्या नावाने आहेत, बोलणं कुठेही नाही. त्या शुक्रवारनंतर एकही पिवळा टॅग विचारल्याशिवाय कुणी कापलेला नाही.